तीन मिनिटांचे संशोधन

'सर, झाला का माझा पेपर?'

व्यासपीठावरून उतरून शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्यावर माझ्या विद्यार्थिनीने मला विचारलेला हा प्रश्न. त्यात उपरोध नव्हता. एम. ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या त्या मुलीला खरोखरच कळले नव्हते, की आत्ता जे घडले तेच 'पेपर वाचणे' होते, की ही नुसती ओळख असून वाचन पुढे व्हायचे आहे. मी 'झाला' म्हणालो. तिने हातातल्या अकरा पानांकडे पाहिले. दुसऱ्या पानाच्या मध्यापर्यंत ती पोचली होती.

चर्चासत्र राष्ट्रीय होते आणि अमरावतीत होते. ज्या महाविद्यालयात ते भरले त्याचे नाव मी लिहिणार नाही. एक नाव लिहिले की बाकीच्यांना सुटल्यासारखे वाटते. शिवाय मी ज्या अकोल्याच्या महाविद्यालयात शिकवतो तेथेही अशी चर्चासत्रे झाली आहेत आणि त्यांच्या संयोजन समितीत माझे नाव छापलेले आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते बाहेरून केलेले निरीक्षण नव्हे. प्रमाणपत्रांची एक जाडजूड फाईल माझ्याही कपाटात आहे, आणि तिच्यातल्या निम्म्या प्रमाणपत्रांवरून मी तेथे नेमके काय बोललो हे मला आज आठवत नाही.

मुलगी मूर्तिजापूर तालुक्यातल्या, खारपाणपट्ट्यातल्या एका गावची. मी अकोल्याहून एसटीने निघालो, ती मूर्तिजापूरला चढली. हा रस्ता आता उत्तम आहे. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम नोंदवला गेला, आणि त्याचा वऱ्हाडाला रास्त अभिमान आहे. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे तिचा प्रवासही स्वस्तात झाला. नोंदणी शुल्क मात्र पूर्ण होते : विद्यार्थ्यांसाठी 'सवलतीचे' आठशे रुपये. तिची आई कापूस वेचायला जाते. आठशे रुपये म्हणजे त्या माउलीची जवळजवळ तीन दिवसांची वेचणी. त्या बदल्यात मुलीला एक रेक्झिनची पिशवी, एक पेन, एक कोरी वही, नाश्त्याचे व जेवणाचे कूपन आणि एक प्रमाणपत्र मिळाले. 'शोधनिबंधाचे वाचन केले' असे त्यावर छापलेले होते. सकाळी साडेनऊ वाजता. वाचन दुपारी साडेतीननंतर व्हायचे होते.

उद्घाटन दहाचे होते, ते पावणेबाराला सुरू झाले. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. व्यासपीठावर नऊ जण. त्यातल्या प्रत्येकाचा परिचय, आणि प्रत्येक परिचयात त्या व्यक्तीने आजवर किती शोधनिबंध 'सादर' केले याचा आकडा. मग पुस्तकाचे प्रकाशन झाले. चर्चासत्रासाठी आलेले सगळे निबंध एकत्र करून, आयएसबीएन क्रमांक घेऊन छापलेला सहाशेहून अधिक पानांचा तो ग्रंथ रंगीत कागदातून बाहेर काढून श्रोत्यांना दाखवला गेला तेव्हा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. त्या टाळ्यांत एक साधी गोष्ट आम्हा कुणाच्याच लक्षात आली नाही, किंवा लक्षात येऊनही आता ती आम्हाला विचित्र वाटेनाशी झाली आहे. ज्या निबंधांवर चर्चा करण्यासाठी आम्ही जमलो होतो ते चर्चेआधीच छापून झाले होते. म्हणजे त्या दिवशी कुणी कितीही मोलाची शंका काढली असती, कुणाची कितीही ढोबळ चूक दाखवली असती, तरी छापलेल्या ओळीत काना-मात्रेचा फरक पडणार नव्हता. निकालपत्र आधी आणि सुनावणी मागाहून, असा हा न्याय.

दुपारच्या समांतर सत्रात सत्तावीस नावे होती आणि सव्वा तास वेळ होता. हिशेब करण्याइतके गणित मराठीच्या प्राध्यापकालाही येते. त्यातली अकरा मंडळी जेवणानंतर परतली नव्हती. प्रमाणपत्र पिशवीतच असल्याने त्यांना थांबण्याचे कारण नव्हते. सत्राध्यक्षांनी प्रेमळपणे सांगितले, 'तीन मिनिटांत निष्कर्ष तेवढे सांगा, बाकी सगळे पुस्तकात आहेच.' माझी विद्यार्थिनी निष्कर्षांपासून सुरुवात करू शकली नाही. तिला तसे शिकवलेच नव्हते. मीच तिला सांगितले होते, की आधी आपण काय विचारायला निघालो ते सांग, मग कुणाला भेटलीस ते सांग, मग काय ऐकलेस ते. ती 'कुणाला भेटले' येथपर्यंत आली आणि घंटी वाजली. 'विषय छान निवडला आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा,' असे अध्यक्ष म्हणाले. तिच्यानंतरच्या नऊ जणांनाही त्यांनी याच शुभेच्छा दिल्या. अध्यक्ष दुष्ट नव्हते. त्यांना साडेचारची गाडी गाठायची होती, आणि त्यांच्याही फाईलीत 'सत्राध्यक्ष' म्हणून एक कागद लागणार होता.

आता त्या अकरा पानांत काय होते ते सांगतो. हा लेख संतापाचा असला तरी संतापाचे कारण त्या पानांत आहे, घंटीत नाही.

तिचा विषय होता कापूस वेचणाऱ्या स्त्रियांची शब्दसंपत्ती. कापसाविषयी आपल्याकडे विपुल लिहिले गेले आहे : भाव, कर्ज, आत्महत्या, एकाधिकार खरेदी, २००२ साली परवानगी मिळालेले बीटी बियाणे. त्यातले बहुतेक लेखन कापूस पेरणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या बाजूने आहे. वेचणारीच्या बाजूने पाहिले तर कापूस हा हातांनी ओळखायचा पदार्थ ठरतो, आणि त्या ओळखीचे शब्द तिच्याकडे आहेत. पऱ्हाटी, पाती, बोंड, सरकी हे शब्द वऱ्हाडात वाढलेल्या कुणालाही ठाऊक असतात. पण किडलेल्या बोंडातला डागाळलेला कापूस म्हणजे 'कवडी', हंगाम संपल्यावरही झाड उभे ठेवून घेतलेले उत्पन्न म्हणजे 'फरदड', पहिल्या वेचणीआधी वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा ते 'सीतादही', असे शब्द तिने वापराच्या वाक्यांसकट टिपून आणले होते. कोणता शब्द कोणत्या वयाच्या बाईने वापरला, कोणता शब्द सुनेला ठाऊक नव्हता पण सासूला होता, हेही तिने लिहिले होते. पाहणीच्या दिवशी ती स्वतः ओटी बांधून वेचायला उभी राहिली होती, कारण नुसती वही घेऊन धुऱ्यावर बसलेल्या मुलीशी बायका बोलत नाहीत. 'हे काय लिवून रायली वं पोरी?' एवढे विचारून गप्प होतात. हे तिला कुठल्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात सापडले नव्हते.

आणि पाचव्या पानावर एक शब्द होता : 'जरी'. ऐंशी ओलांडलेल्या एका आजीने जुन्या कापसाबद्दल बोलताना तो वापरला होता. मुलीने 'जुना देशी कापूस' एवढा अर्थ देऊन तो सोडून दिला होता. आता, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अमलदारांच्या अहवालांत वऱ्हाडच्या कापसाचे 'बनी' आणि 'जरी' असे दोन प्रकार नोंदलेले आढळतात. बनी चांगल्या धाग्याची, जरी त्या मानाने उणी. मग आजीच्या तोंडचा 'जरी' म्हणजे तोच प्रकार, की संकरित बियाणे येण्यापूर्वीच्या सगळ्याच कापसाला मागाहून चिकटलेले सरसकट नाव? म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या एका वाणाचे नाव वेचणाऱ्या बायकांच्या जिभेवर टिकून राहिले आहे, की शब्द टिकून अर्थ बदलला आहे? भाषेच्या अभ्यासात याहून अधिक सुंदर प्रश्न वारंवार हाती लागत नाही. सभागृहात त्या वेळी कापसाच्या इतिहासावर डॉक्टरेट केलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी पाचवे पान ऐकले असते तर प्रश्न तेथल्या तेथे निघाला असता. पाचवे पान आले नाही. मलाही हा प्रश्न सुचला तो परतीच्या एसटीत, तिचा निबंध पुन्हा चाळताना. म्हणजे तिचा मार्गदर्शक असूनही मी तो आधी नीट वाचलेला नव्हता. हे कबूल करणे भाग आहे, कारण घंटी वाजवणाऱ्या अध्यक्षांपेक्षा माझा अपराध मोठा आहे.

हे असे का झाले? 'प्राध्यापक आळशी झाले' हे उत्तर सोपे आहे आणि अर्धेच खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ३० जून २०१० च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या निवडीसाठी व पदोन्नतीसाठी 'एपीआय' नावाची गुणमोजणी आणली. चर्चासत्रातल्या शोधनिबंधाला आंतरराष्ट्रीय असेल तर १०, राष्ट्रीय असेल तर ७.५, राज्यस्तरीय असेल तर ५ आणि स्थानिक असेल तर ३ गुण, असे ते कोष्टक होते. कोष्टकात निबंध चांगला की वाईट यासाठी रकाना नव्हता. चर्चासत्राच्या फलकावरच्या विशेषणासाठी होता. त्यानंतर नेपाळहून एक पाहुणा आणला की चर्चासत्र आंतरराष्ट्रीय आणि छत्तीसगडहून आणला की राष्ट्रीय, हे तंत्र महाराष्ट्रातल्या गावोगावच्या महाविद्यालयांनी आत्मसात केले. तिकडे नॅकच्या मूल्यांकनासाठी 'किती चर्चासत्रे घेतली' याची मोजदाद हवीच होती. २०१८ च्या नियमांनी ते कोष्टक बदलले, गुणही उतरवले. पण तोपर्यंत एक पिढी त्या कोष्टकात वाढून मोठी झाली होती, आणि तीच आता संयोजक आहे.

विद्यार्थी या चरकात सापडला तो मागल्या दाराने. पीएच. डी.च्या २०१६ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी मान्य नियतकालिकात एक निबंध आणि चर्चासत्रांत दोन निबंधवाचने सक्तीची केली, आणि वाचन झाल्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्र मागितले. 'पुरावा' हा शब्द नीट पाहावा. निबंध कुणी ऐकला, कुणी खोडला, त्यातून काय बदलले याचा पुरावा नव्हे, वाचल्याचा. जेथे कागद हाच पुरावा असतो तेथे कागद पुरवणारे उभे राहतातच. नियतकालिकांचे काय झाले ते सर्वज्ञात आहे. २०१८ च्या मार्चमध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, विद्यापीठांनी सुचवून आयोगाच्या मान्य यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी तपासलेली सुमारे ८८ टक्के निकृष्ट आढळली होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढली. मग २०१९ मध्ये 'केअर' नावाची नवी यादी आली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. चर्चासत्रांची मात्र अशी पाहणी कुणी केली नाही, कारण चर्चासत्र संध्याकाळी संपते आणि मागे मांडवाचे बांबू तेवढे उरतात.

यातली सर्वांत बोलकी गोष्ट अशी, की नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएच. डी.साठीची ती सक्ती काढून टाकली. आज कुणाही संशोधक विद्यार्थ्याला आयोगाच्या नियमाने चर्चासत्राचे प्रमाणपत्र लागत नाही, एम. ए.च्या विद्यार्थ्याला तर ते कधीच लागत नव्हते. तरी दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवर माहितीपत्रके येत राहतात आणि आमची मुले आठशे-हजार रुपये भरत राहतात. नियम गेला, धंदा राहिला. त्यातच २०२३-२४ पासून राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प सक्तीचा झाला आहे. म्हणजे आता दर वर्षी अकोला, अमरावती, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ या पाच जिल्ह्यांतला एम. ए.चा प्रत्येक विद्यार्थी काही ना काही शोधून आणणार. ते ऐकणार कोण, याचा विचार झाल्याचे दिसत नाही.

येथे नेहमीचा आक्षेप येतो. 'अहो, मुलांना एक्सपोजर मिळते. स्टेज डेअरिंग येते. गावाकडची मुलगी माइकसमोर उभी राहिली हेच मोठे नाही का?' हा आक्षेप घेणारे माझे मित्र आहेत आणि त्यांचा हेतू वाईट नाही. पण मला तो अपमानकारक वाटतो. खेड्यातल्या मुलीने बोलले यातच धन्यता मानायची, ती काय बोलली हे ऐकायचे नाही, हा कसला गौरव? पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याच्या निबंधावर मतभेद व्हावेत आणि वऱ्हाडच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला शुभेच्छा याव्यात, ही दयाबुद्धी झाली. ज्याला आपण बरोबरीचा मानतो त्याच्याशीच आपण वाद घालतो. आणि धिटाईचे म्हणाल तर माझी विद्यार्थिनी ज्या बायकांमध्ये जाऊन, उन्हात उभी राहून, त्यांच्या थट्टा सोसून शब्द गोळा करून आली, त्या बायकांसमोर जी धिटाई लागली तिच्या पासंगालाही माइकसमोरची धिटाई पुरणार नाही.

विद्यार्थ्याने निबंध वाचणे म्हणजे काय असू शकते याचा एक दाखला आपल्या सगळ्यांच्या घरात आहे, आणि आपण दर एप्रिलमध्ये त्यापुढे हात जोडतो. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते तेथे गेले होते. आपण या घटनेचे स्मरण 'बाबासाहेबांची विद्वत्ता' म्हणून करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या निबंधाची रचना आम्ही मार्गदर्शक मंडळींनी एकदा मुद्दाम पाहावी. आधीच्या चार अभ्यासकांच्या व्याख्या घेऊन निबंध सुरू होतो : सेनार, नेसफील्ड, रिझ्ले आणि केतकर. प्रत्येकीतले काय घ्यायचे, काय टाकायचे ते ठरत जाते. केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे सांगितली ती दोन नसून एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे आंबेडकर दाखवतात, आणि तेथून सजातीय विवाह हेच जातीचे मर्म हा त्यांचा स्वतःचा सिद्धान्त उभा राहतो. शेवटी, आपले म्हणणे टिकत नाही असे कुणी दाखवले तर ते सोडून देण्याची तयारीही ते नोंदवतात. हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला तो मे १९१७ मध्ये, म्हणजे वाचनानंतर वर्षाने. वाचन आधी, छपाई मागाहून.

ज्यांच्याशी हा वाद झाला ते केतकर कोण? ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर, जन्म रायपूरचा १८८४ चा, आणि शाळा अमरावतीची. तेही विद्यार्थी म्हणूनच १९०६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेलला गेले, आणि भारतातील जातींच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले तेव्हा तेही पंचविशीतच होते. अमरावतीच्या शाळेतून गेलेल्या एका विद्यार्थ्याचे पुस्तक सात वर्षांनी दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये उघडले, वाचले, मानले आणि खोडले. विद्यार्थ्याच्या संशोधनाचे याहून चांगले स्वागत मला ठाऊक नाही. आमच्या त्या सहाशे पानी ग्रंथातला एखादा निबंध सात वर्षांनी कुणी खोडण्यापुरता तरी उघडील, असे छातीठोकपणे कोण सांगेल?

'कोलंबियाची बरोबरी आपल्याशी कशी करता?' असे कुणी म्हणेल. इमारतीची आणि ग्रंथालयाची करीतच नाही. पण त्या दिवशीच्या प्रसंगाला मुळात लागले काय? विषयाचा आब राखणारा एक शिक्षक, सोबतचे काही विद्यार्थी, आणि निबंध शेवटपर्यंत वाचून होईल एवढा वेळ. मांडव, सन्मानचिन्हे आणि नऊ पाहुण्यांचे परिचय वजा केले तर एवढे साहित्य मूर्तिजापुरातही मिळते.

आणि परंपराच हवी असेल तर ती इतकी लांबही नाही. अमरावतीहून मोर्शीच्या बाजूला रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या सहवासात आलेल्या माणसांकडे जाऊन, ऐकून, आणि नागदेवाचार्यांपुढे ठेवून. ज्या ग्रंथाने मराठी गद्य सुरू होते तो 'लीळाचरित्र' म्हणजे, माझ्या मते, मराठीतले पहिले क्षेत्रकार्य आहे. आणि त्यात ऐकणारा, तपासणारा, 'हे असे नव्हते' म्हणू शकणारा माणूस पहिल्यापासून हजर आहे. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. या दोन्ही गोष्टींचा मला आनंद आहे. भीती एवढीच आहे, की अभिजाततेच्या निमित्ताने येणाऱ्या निधीतून पहिल्याच फटक्यात शंभर राष्ट्रीय चर्चासत्रे होतील आणि प्रत्येकात एक 'जरी' घंटीखाली गडप होईल.

जाता जाता भाषेविषयी. त्या माहितीपत्रकात निबंधाचा सारांश इंग्रजीत मागितला होता. मराठी बोलीवरचा निबंध, मराठीच्या विद्यार्थिनीने लिहिलेला, मराठीच्या प्राध्यापकांपुढे वाचायचा; सारांश इंग्रजीत. मुलीने तो शेजारच्या सायबर कॅफेतून करवून आणला. त्यात 'वावर' या शब्दाचे भाषांतर 'हालचाल' असे झाले होते. मी तो दुरुस्त करून दिला आणि इतर सगळ्यांप्रमाणे हसलो. हसायला नको होते.

करायचे काय, असे विचारणाऱ्याला माझ्याकडे योजना नाही, दोन-तीन हट्ट आहेत. विद्यार्थ्याकडून निबंध वाचण्याचे पैसे घेणे बंद व्हावे. उलट त्याला एसटीचे भाडे द्यावे, कारण ऐकायला मिळण्याचा फायदा आपला आहे. दिवसाला पाचांहून अधिक निबंध नकोत. निबंध छापायचा असेल तर तो वाचून झाल्यावर, आणि ऐकताना आलेल्या हरकतींना उत्तर देऊन. प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर त्यावर, त्या निबंधावर कुणी कोणता प्रश्न विचारला, हे लिहावे. प्रश्न नसेल तर प्रमाणपत्रही नसावे. हे ऐकून आमच्या एका सहकाऱ्यांनी विचारले, 'पण मग नॅकला आकडा काय दाखवायचा?' प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हणालो, पाच. ते म्हणाले, पाच कमी पडतील. यावर आमचे बोलणे थांबले.

'आविष्कार'चा एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. २००६ पासून राज्यातल्या विद्यापीठांमध्ये होणाऱ्या या संशोधन महोत्सवात विद्यार्थी आपल्या भित्तिपत्रकाशेजारी उभा असतो आणि परीक्षक समोर येऊन विचारतात. स्पर्धेचे सगळे दोष त्यात आहेत. भाषा, मानव्यविद्या आणि ललितकला एकाच टोपलीत टाकलेल्या आहेत. आणि कापसाच्या शब्दांना यंत्राच्या प्रतिकृतीसारखी चमक नसते. तरी तेथे कुणीतरी विचारतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला तेथे एका परीक्षकाने दहा मिनिटे अक्षरशः झोडपले होते. बक्षीस मिळाले नाही. तो आज चांगला अभ्यासक आहे आणि त्या परीक्षकाचे नाव आदराने घेतो.

ती मुलगी त्यानंतर तीन वेळा त्या आजींकडे जाऊन आली. 'जरी' म्हणजे एकच ठरावीक वाण, त्याचे बोंड लहान, असे आजींचे म्हणणे. त्याच गावातल्या दुसऱ्या म्हातारबाईंचे म्हणणे असे, की 'हायब्रीड'च्या आधीचा सगळाच कापूस जरी. आणि पहिल्या आजींना आता आठवत नाही, असेही त्यांनी सांगितले. दोघींचे ऐकून तिने दोन्ही अर्थ लिहिले आहेत, अहवालांतल्या नोंदी शेजारी ठेवल्या आहेत, आणि अजून ठरत नाही असे म्हटले आहे. अकरा पानांची आता सतरा झाली आहेत. त्या प्रकाशित ग्रंथात अर्थातच जुनीच अकरा आहेत. त्यांतल्या पाचव्या पानावर 'जरी' हा शब्द 'जारी' असा छापला गेला आहे.